सोल्युबिलिटी ‘पॉझिटिव्ह’ आली, म्हणजे नेमके काय कळले?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत, आणि ते एकत्र आल्यामुळेच घरात घबराट झाली आहे असे दिसते. पहिला प्रश्न आपल्या तेवीस वर्षांच्या मुलीचा आहे. कॉलेजातील शिबिरात तिच्या रक्ताची सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी तपासणी झाली, कागदावर ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ एवढेच दोन शब्द आले, तिला कसलाही त्रास नाही आणि उमरेडकडच्या एका घरी तिचे लग्न जुळत आले आहे. दुसरा प्रश्न आपल्या बहिणीच्या नऊ वर्षांच्या मुलाचा आहे. त्याचा अहवाल ‘एसएस’ आहे, म्हणजे त्याला सिकलसेलचा आजारच आहे; दिवाळीपासून तो हातापायांच्या दुखण्याने तीनदा भरती झाला, नातेवाईक रक्त चढवा म्हणतात, आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूल ‘हे तर कॅन्सरचे औषध’ असे दुकानदाराने सांगितल्यापासून बंद आहेत. भाच्याचे जे झाले ते उद्या मुलीचेही होईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

थोडक्यात उत्तर असे की बहुधा होणार नाही. परंतु हे ‘बहुधा’ काढून टाकण्यासाठी मुलीची अर्धवट राहिलेली तपासणी आधी पूर्ण करावी लागेल, आणि ती पूर्ण होईपर्यंत लग्नाविषयी कोणताही निर्णय घेऊ नये.

शिबिरात जी चाचणी होते ती चाळणीसारखी असते. रक्ताचा थेंब एका रसायनात टाकतात; रक्तात ‘एस’ प्रकारचे हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, म्हणून हजारो लोकांची तपासणी करायला योग्य आहे. पण गढूळपणा पाहून रक्तात ‘एस’ आहे एवढेच कळते. ते अर्धे आहे की जवळजवळ सगळेच आहे हे कळत नाही. ते कळण्यासाठी हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. विजेच्या प्रवाहात निरनिराळी हिमोग्लोबिने निरनिराळ्या वेगाने सरकतात, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले आणि एका रेणूतील बदलामुळे आजार होतो ही गोष्ट प्रथमच सिद्ध झाली. आजच्या एचपीएलसी यंत्रातून तर प्रत्येक प्रकारच्या हिमोग्लोबिनची टक्केवारीच छापून येते.

आपल्या मुलीच्या अहवालात ‘एस’ साधारण ३० ते ४० टक्के आणि नेहमीचे ‘ए’ त्याहून अधिक आले, तर ती ‘एएस’ म्हणजे वाहक आहे. वाहकाला आजार नसतो, आणि पुढे वय वाढल्यावर ‘एएस’चे ‘एसएस’ होत नाही. हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते, म्हणून स्पष्ट लिहितो: एका पालकाकडून ‘ए’ आणि दुसऱ्याकडून ‘एस’ असे जे जनुक गर्भात मिळाले, तेच जन्मभर राहते. अशा मुलीला गोळी नको, विशेष आहार नको, नोकरीत किंवा बाळंतपणात अडसर नाही. खबरदारी एवढीच की भर उन्हात पाण्याशिवाय अतिश्रम टाळावेत (मे महिन्यात पोलीस भरतीसाठी दुपारी धावणाऱ्या मुलामुलींना हे मी आवर्जून सांगतो) आणि कधी लघवीतून रक्त गेले तर ते अंगावर काढू नये.

मात्र ‘त्रास नाही म्हणजे एएसच’ असेही धरून चालता येत नाही. आपल्याकडच्या अनेक ‘एसएस’ रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, म्हणजे ‘एफ’, मोठ्या प्रमाणात टिकून राहते आणि ते लाल पेशींना वाकू देत नाही. त्यामुळे काही जणांचा आजार इतका सौम्य असतो की पहिल्या बाळंतपणापर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच मी ‘बहुधा’ हा शब्द वापरला.

आता वंशावळ पाहू, कारण आपल्या पत्रात उत्तर अर्धे दडलेले आहे. भाचा ‘एसएस’ आहे, म्हणजे त्याला एक ‘एस’ आईकडून आणि एक वडिलांकडून मिळाला. आपली बहीण आणि आपले भाऊजी दोघेही निदान वाहक असणारच. बहिणीला तो आपल्या आई किंवा वडिलांकडून आला, आणि तिथूनच तो आपल्याकडे व आपल्याकडून मुलीकडे आला असण्याची शक्यता मोठी आहे. अर्थात तो मुलीच्या आईकडूनही आलेला असू शकतो. तेव्हा केवळ मुलीची नव्हे, तर आपली, मुलीच्या आईची, धाकट्या मुलाची आणि भाच्याच्या इतर भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. एका घरात एक अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला की बाकीच्यांनी तो कपाटात ठेवून द्यायचा, ही विदर्भातील मोठी अडचण आहे.

‘आमच्यात हा आजार नसतो’ असे उमरेडकडच्या मंडळींनी म्हटले, तर त्यावर विसंबू नये. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातील लोकांत झाली. मध्य भारतातील वाहकांविषयी शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. तेव्हापासून हा अमुक जातीचा किंवा जंगलातल्या लोकांचा आजार अशी समजूत पसरली. खरे कारण हिवताप आहे. वाहक मुलांना मेंदूपर्यंत जाणाऱ्या घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, त्यामुळे जिथे पिढ्यान्पिढ्या हिवताप होता तिथे हे जनुक टिकले आणि वाढले. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नागपूर शहरापर्यंत अनुसूचित जाती, आदिवासी आणि इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत मी ते पाहिले आहे. चाचणीचा निर्णय आडनावावरून घेणे शास्त्राला धरून नाही.

नवऱ्या मुलाकडची तपासणी करताना एक चूक वारंवार होते. मुलाची केवळ सोल्युबिलिटी करतात, ती ‘निगेटिव्ह’ येते आणि सगळे निश्चिंत होतात. पण ही चाचणी फक्त ‘एस’ शोधते. थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असलेला माणूस तिच्यात अगदी स्वच्छ दिसतो. आणि आईकडून ‘एस’ व वडिलांकडून बीटा थॅलेसेमिया असे दोन्ही बाळाकडे आले, तर त्याला होणारा ‘एस-बीटा’ आजार काही वेळा ‘एसएस’ इतकाच त्रासदायक असतो. जरीपटक्यातील सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात हे नागपूरकरांना ऐकून माहीत असते, परंतु इतर समाजांतही ते सापडतात. म्हणून मुलाची एचपीएलसीच करावी आणि तिच्यात ‘ए-टू’ या हिमोग्लोबिनचे प्रमाण पाहावे, ते ३.५ टक्क्यांहून अधिक असेल तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

मुलगा पूर्णपणे ‘एए’, म्हणजे दोन्ही जनुके नेहमीची असलेला निघाला, तर आपल्या मुलीच्या कोणत्याही अपत्याला सिकलसेलचा आजार होणार नाही. मुलगी ‘एएस’ असेल तर निम्म्या शक्यतेने ते अपत्य वाहक असेल. ही गोष्ट दोन्ही घरांना एकत्र बसवून एखाद्या डॉक्टरांनी सांगितलेली बरी. मुलगाही ‘एएस’ निघाला, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रत्येक गर्भारपणात, हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब करणारी जोडपी मला भेटली आहेत, आणि त्यांना तो हिशेब कुणीतरी शिकलेल्या माणसानेच सांगितलेला होता.

दोघेही वाहक असले तरी लग्न मोडलेच पाहिजे असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. गर्भ दहा ते बारा आठवड्यांचा असताना वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन बाळाचे जनुक तपासता येते. त्यानंतर गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय कायद्याच्या चौकटीत त्या जोडप्याने घ्यायचा असतो. ही तपासणी करायची असेल तर पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांना भेटावे लागते, पाचव्या महिन्यात नव्हे. काही जोडपी हे सारे ऐकून लग्न न करण्याचे ठरवतात, काही करतात. मी दोन्ही पाहिले आहे आणि दोघांनाही दोष देत नाही. माझा आग्रह एवढाच की निर्णय मुलामुलीने स्वतः आणि साखरपुड्याच्या आधी घ्यावा. मुलीपासून अहवाल लपवून वडीलधाऱ्यांनी परस्पर बोलणी करू नयेत.

आता भाच्याविषयी, आणि इथे मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याच्या उपचारात सध्या जी गोष्ट बंद आहे तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच हा मूळ दोष. परंतु त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून काड्या तयार होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथे असह्य वेदना होतात. नेहमीची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही जेमतेम १० ते २० दिवस; म्हणून रक्त कमी राहते आणि फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळसर दिसतात. ही पिवळी झाक म्हणजे यकृताची कावीळ नव्हे. मुलाला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन नाकात औषध टाकण्याचा प्रकार कृपया करू नये.

अशा मुलाची लाल पेशी लोहाअभावी कमी झालेली नसते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, फिकट मूल दिसले की लोहाचे सरबत लिहून देण्याची चूक मीही केली आहे. तपासणीत लोह खरोखर कमी असेल तरच ते द्यावे. फोलिक आम्लाची गोळी मात्र नियमित द्यावी, कारण नव्या पेशी घडवण्याचे काम त्याच्या शरीरात अखंड चालू असते.

ज्या कॅप्सूल बंद आहेत त्या बहुधा हायड्रॉक्सियुरियाच्या असाव्यात. दुकानदार खोटे बोलला नाही. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात हे औषध मोठ्या मात्रेत दिले जाते. सिकलसेलमध्ये मात्र ते कमी मात्रेत देतात, आणि तेही वेगळ्या हेतूने: त्यामुळे वर सांगितलेले ‘एफ’ हिमोग्लोबिन वाढते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. अमेरिकेत प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध न घेणाऱ्यांना वर्षाला साधारण ४.५ वेदनेचे झटके आले, तर घेणाऱ्यांना २.५. मुलांमध्येही त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. आपल्याकडे वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम या मात्रेनेही पुष्कळ मुलांना चांगला गुण येतो. नऊ वर्षांच्या मुलाचे वजन बावीस-तेवीस किलो असेल, तर मोठ्यांची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज देणे म्हणजे या मात्रेच्या दुपटीहून अधिक होईल. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच बांधून द्यावी, घरी अंदाजाने ठरवू नये.

हे औषध चालू असताना सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्तातील पेशी मोजाव्या लागतात. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार खाली आल्या तर ते काही दिवस थांबवतात आणि पुन्हा कमी मात्रेत सुरू करतात. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, आणि घोटाळा नेमका इथेच होतो: पहिल्या महिन्यात पुन्हा दुखले की ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून लोक सोडून देतात. दुखणे नसताना घ्यायचे हे औषध आहे. दुखू लागल्यावर दोन जास्त घेऊन काही होत नाही. भाचा मोठा झाल्यावर, मूल होऊ द्यायचे ठरवण्याआधी काही महिने ते थांबवण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे लागेल. तो प्रश्न आज नाही.

रक्त चढवण्याचा आग्रह धरू नये. ‘एसएस’ मुलाचे हिमोग्लोबिन ७ ते ९ असणे हा त्याचा नेहमीचा आकडा असू शकतो आणि त्यावर तो खेळतो, शाळेत जातो. प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साठते आणि पुढे रक्त जुळणे अवघड करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. पाणथरीत (प्लीहेत) रक्त साचून ते एकाएकी कमी झाले, छातीचा गंभीर झटका (हृदयाचा नव्हे, फुप्फुसांचा) आला किंवा पक्षाघात झाला, तर रक्त प्राण वाचवते. साध्या दुखण्यासाठी ते उत्तर नव्हे. तसेच सांधे दुखतात म्हणून गावातल्या डॉक्टरकडून ‘लगेच बरे करणारी सुई’ घेऊ नये. तीत स्टेरॉइड असेल तर दोन दिवस आराम पडून नंतर झटका उलटण्याचा आणि खुब्याचे हाड खराब होण्याचा धोका वाढतो. एका खुब्यात किंवा मांडीत महिनोन्महिने दुखत राहिले आणि मूल लंगडू लागले तर तो नेहमीचा झटका मानू नये. खुब्यातील हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि तो सुरुवातीच्या काळात एमआरआयमध्येच दिसतो.

साधा झटका आला तर भरपूर पाणी, दुखऱ्या भागाला ऊब आणि वजनानुसार पॅरासिटामॉल यांनी सुरुवात करावी. बर्फ लावू नये. घरच्या उपायांनी काही तासांत उतार पडला नाही, तर रुग्णालयात तीव्र वेदनाशामक मागण्यात संकोच नसावा. मूल नाटक करते असे म्हणणारे कोणी भेटले, तर त्यांना अहवाल दाखवावा. काही लक्षणांत मात्र घरी एक तासही थांबू नये. ताप १०१ अंश फॅरनहाइटवर गेला, छातीत दुखून धाप लागली, मूल एकदम पांढरेफटक पडले आणि डाव्या बरगडीखाली गाठ वाढल्यासारखी वाटली, तोंड वाकडे झाले किंवा हात उचलेना, मुलग्याच्या लिंगाला वेदनेसह ताठरता येऊन ती ओसरेना, तर रात्र असो की पहाट, नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठावे. शेवटचे लक्षण मुले लाजेपोटी आईला सांगत नाहीत. म्हणून ते मामाने त्याला आधीच सांगून ठेवावे. तापाला इतके महत्त्व अशासाठी की या आजारात पाणथरी नीट काम करत नाही आणि न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तात पसरतात. त्याची न्यूमोकोकल लस झाली आहे का, हे कार्डावर पाहून घ्यावे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी वर्षातून एकदा करून घेतल्यास पक्षाघाताचा धोका आधी ओळखता येतो.

आपल्या हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. नवतपात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा शरीरातले पाणी आटते आणि झटके वाढतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसून तेच होते. दिवाळीपासून तीनदा भरती झाला, यामागे थंडीचाही हात असावा. रात्रभर कूलरच्या थेट झोतात झोपवू नये, हिवाळ्यात गार पाण्याने आंघोळ घालू नये आणि पावसात भिजल्यास लगेच कोरडे करावे. शाळेला डॉक्टरांचे पत्र द्यावे की या मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि लघवीला कितीदाही जाऊ द्यावे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. नवव्या वर्षीही तो अंथरूण ओले करत असेल तर ते त्याच्या हाती नाही, आणि त्यासाठी आईने त्याला मारू नये.

आजार मुळापासून बरा होतो का, हे आपण विचारलेले नाही, तरी पुढे विचाराल. पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाकडून अस्थिमज्जा मिळाली तर होऊ शकतो, आणि प्रत्येक सख्खे भावंड जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. भाच्याला भाऊ-बहीण असल्यास हे तपासण्याविषयी रक्तविकारतज्ज्ञांशी बोलावे. जनुकीय उपचारांच्या दोन पद्धतींना अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण त्यांची किंमत प्रत्येकी वीस लाख डॉलरच्या वर आहे. तूर्त त्या बातम्यांच्या मागे लागून रोजची कॅप्सूल सोडण्यात अर्थ नाही.

खर्चाची चिंता असेल तर दोन गोष्टी उपयोगी पडतील. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, त्यामुळे भाच्यासाठी प्रमाणपत्राचा अर्ज करता येईल. वाहकांना ते लागू नाही.

तेव्हा या आठवड्यात मुलीची एचपीएलसी आणि भाच्याची रक्तपेशींची मोजणी करून घ्यावी, आणि कॅप्सूल पुन्हा सुरू करण्याविषयी त्याच डॉक्टरांना विचारावे. मुलीला किंवा घरातील अन्य कोणाला गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेले असेल तर ते प्रयोगशाळेत आधी सांगावे, नाहीतर दात्याचे हिमोग्लोबिन मिसळून अहवाल फसवा येतो. या चाचणीसाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही.